दत्ताची तीन शिरं आणि आपला त्रैक्य देव

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू परवा फोनवर विचारलंस. रामबागेतल्या तुझ्या मैत्रिणीकडे दत्तजयंतीची तयारी चालली होती, तेव्हा तिच्या आजी म्हणाल्या, "तुम्ही पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणता ना? अगं, मग तो आमचा दत्तच की! शिरं तीन, देव एक." तुला 'हो' म्हणवेना, आणि 'नाही' तर का नाही, तेही सांगता येईना. शिवाय येशूला अवतार म्हटलं तर चालेल का, हा तुझा दुसरा प्रश्न. मस्कतहून फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहितो. रविवारी उपासनेहून आलीस की सावकाश वाच. शेजारी बायबल उघडून ठेव.

एक गोष्ट आधी. त्या आजींनी थट्टा केलेली नाही, जवळीक दाखवली आहे. दत्तभक्त नानामहाराज तराणेकरांच्या इंदुरात करुणात्रिपदी ही दत्ताची प्रार्थना म्हणत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना तीन आणि एक हे शब्द एकत्र ऐकल्यावर दत्तच आठवणार. तेव्हा तुझ्या उत्तराची सुरुवात 'नाही' अशी नको.

फरक सांगायचा तर दुसऱ्याचं आपल्याला नीट माहीत हवं. भागवतात अत्री आणि अनसूयेला तीन मुलगे होतात: ब्रह्मदेवाच्या अंशाने सोम, विष्णूच्या अंशाने दत्त आणि शंकराच्या अंशाने दुर्वास. तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री ही घरोघरची तसबीर. तिथे तिघे एका देहात आले आहेत. महानुभाव पंथाचा दत्त तर एकमुखीच आहे. तसबिरीतला अर्थ धरला, तर उत्पत्ती, स्थिती आणि लय ही तीन कामं तिघांकडे, आणि ते तिघे एका रूपात.

आपण जे मानतो त्यात कामांची अशी वाटणी नाही. बायबलच्या पहिल्याच पानावर देव शब्दाने सृष्टी करतो आणि त्याचा आत्मा पाण्यावर वावरत असतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय सांगतो, की तो शब्द म्हणजे पुत्र, आणि सगळं त्याच्याद्वारे झालं. म्हणजे निर्मिती तिघांची, तारण तिघांचं, न्यायही तिघांचा. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे वेगळे ओळखायचे कशावरून? फक्त नात्यावरून. पिता कोणापासून झालेला नाही. पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे, आणि तो जन्म काळाच्या आधीचा, अनादी आहे. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो. (पाश्चात्त्य मंडळी, म्हणजे तिकडचं चर्च, 'आणि पुत्रापासून' हे शब्द जोडते, पौर्वात्य जोडत नाही.) सामर्थ्यात, वयात, मानात काडीचाही फरक नाही. तिघे मिळून देव होतात असंही नाही. प्रत्येक जण पूर्ण देव आहे, आणि तरी देव एकच.

हे डोकेबाज पंडितांनी बसून रचलं, असं समजू नकोस. येशूचे पहिले शिष्य यहूदी होते. 'आपला देव परमेश्वर एकच आहे' हे अनुवाद 6:4 मधलं वचन यहूदी माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणायचा. दुसरा देव मानणं त्यांच्या दृष्टीने घोर पाप. आणि नेमक्या त्याच माणसांनी नाझरेथच्या एका सुताराला नमन केलं. थोमा हा शिष्य त्याला 'माझा प्रभू, माझा देव' म्हणाला (योहान 20:28), आणि येशूने त्याला अडवलं नाही. एकच देव हे सोडायचं नाही, आणि डोळ्यांनी पाहिलं तेही नाकारायचं नाही, या दोन गोष्टी एकत्र धरताना मंडळीला हे बोलावं लागलं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट काढ. येशू बाप्तिस्मा घेऊन यार्देन नदीच्या पाण्यातून वर येतो. आत्मा कबुतरासारखा त्याच्यावर उतरतो. आकाशातून वाणी येते, की हा माझा प्रिय पुत्र आहे. तिघे एकाच वेळी तिथे आहेत; बोलणारा वेगळा, भिजलेला वेगळा, उतरणारा वेगळा. आता त्याच पुस्तकाचं शेवटचं पान, 28:19. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या 'नावाने' बाप्तिस्मा द्या. नावं तीन घेतली, तरी 'नावांनी' म्हटलेलं नाही. हे दोन उतारे पाठ असले की पुष्कळ झालं. 'त्रैक्य' हा शब्द बायबलात नाही असं कोणी म्हणालं तर मान्य कर. तो शब्द नंतरचा आहे, शिकवण तिथलीच आहे.

आता उदाहरणांबद्दल सावध करतो, कारण रविवारच्या शाळेत हीच दिली जातात आणि तीच मुलांना चुकीच्या वाटेला लावतात. पाणी, बर्फ आणि वाफ घे. तेच पाणी एकदा बर्फ होतं, मग वाफ होतं. त्यावरून मूल समजतं, की एकच देव कधी पिता होतो, कधी पुत्र, कधी आत्मा. तिसऱ्या शतकात साबेल्य नावाचा शिक्षक असंच सांगत होता आणि मंडळीने ते नाकारलं, कारण मग यार्देनकाठी कोण कोणाशी बोलत होतं? गेथशेमाने बागेत येशू रात्री प्रार्थना करत होता ती कोणाला? 'एकच माणूस कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुणाचा बाप' हे उदाहरणही याच कारणाने पडतं. बेलाचं पान उलट्या बाजूने पडतं: तिथे प्रत्येक दल पानाचा तिसरा हिस्सा असतं, आणि पुत्र हा काही एक तृतीयांश देव नाही. त्या आजींच्या हातात बेलाचं पान असेलच, म्हणून हे खास सांगितलं. त्रैक्याला उपमा न दिलेलीच बरी. सरळ सांगावं: देव एक, व्यक्ती तीन; मिसळायच्या नाहीत आणि तोडायच्याही नाहीत.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी. अलेक्झांड्रियाचा आरियस नावाचा धर्मगुरू म्हणायचा, पुत्र थोर आहे, पण तो देवाने निर्माण केलेला; तो नव्हता असाही काळ होता. यावर 325 साली निकिया इथे धर्मसभा भरली. आज ते गाव तुर्कस्तानात आहे, नाव इझ्निक. सभेने पुत्राबद्दल ठरवलं: जन्मलेला, घडवलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व. 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेनंतर त्यात पवित्र आत्म्याबद्दलची वाक्यं विस्ताराने आली. उपासनेत आपण उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची कबुली, म्हणतो, त्यातला लांबचा तो हाच. इतका आटापिटा का? पुत्र निर्माण केलेला असेल, तर वधस्तंभावर देवाने स्वतः काही सोसलं नाही, दुसऱ्या कुणाला पुढे केलं, असं होतं. मग आपल्या विश्वासात उरलं काय?

'देवाचा पुत्र' म्हटल्यावर शाळेतली मुलं विचारतील, की मग देवाची बायको कोण? चिडू नकोस. मरीया देवाची पत्नी नव्हे, आणि पुत्राची सुरुवात बेथलेहेममध्ये झालेली नाही. तो अनादी आहे. बेथलेहेममध्ये सुरू झालं ते त्याचं माणूसपण.

आता अवतार. पूर्वी काही मराठी ख्रिस्ती लेखकांनी हा शब्द वापरला आहे, म्हणून तो उच्चारलाच तर पाप लागत नाही. पण मी 'देहधारण' म्हणतो, आणि तूही म्हण, कारण अवतार म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात मत्स्य, कूर्म, वराह अशी दहांची रांग उभी राहते आणि येशू तिच्यात अकरावा होऊन बसतो. अवतार अनेक, कार्य झालं की ते संपतात. देहधारण एकदाच झालं आणि ते संपलेलं नाही. पुत्राने घेतलेलं माणूसपण टाकून दिलं नाही, पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. शिवाय ते खरंखुरं माणूसपण होतं. त्याला भूक लागली, विहिरीपाशी तो दमून बसला, वादळात होडीच्या मागच्या भागात उशीवर झोपला (ही उशी मार्क 4:38 मध्ये आहे, मला ती फार आवडते), लाजराच्या कबरीपाशी रडला. 451 साली खल्कदोनच्या सभेने हे नेमक्या शब्दांत मांडलं: एकच व्यक्ती, पूर्ण देव आणि पूर्ण मानव, दोन्ही स्वभाव न मिसळता आणि न तुटता. अर्धा देव आणि अर्धा माणूस असं कधी म्हणू नकोस.

येण्याचं कारणही पाहा. गीतेच्या चौथ्या अध्यायात सज्जनांच्या रक्षणासाठी आणि दुष्टांच्या नाशासाठी प्रकट होणं आहे. येशू म्हणतो, मी नीतिमानांना नव्हे, तर पाप्यांना बोलवायला आलो (मार्क 2:17). यात एकाला वर आणि दुसऱ्याला खाली करायचं नाही. दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जात आहेत, एवढं स्वच्छ दिसलं पाहिजे.

येशू पाप्यांसाठी मेला असं आपण म्हणतो. त्यावर 'ज्याचं कर्म त्याने भोगावं, दुसरा कसा भोगेल?' हा प्रश्न त्या आजी आज ना उद्या विचारतीलच, आणि तो रास्त आहे. एका निरपराध माणसाला धरून दुसऱ्यांची शिक्षा त्याला दिली, तर तो अन्यायच. रागावलेला बाप आणि मार खाणारा मुलगा असं चित्र काढणारे प्रचारक असतात. त्यांनी फार नुकसान केलं आहे. वधस्तंभावरचा पुत्र हा देवच आहे. ज्याचा अपराध झाला, त्यानेच त्याची भरपाई स्वतःवर घेतली. प्रेषित पौल लिहितो, की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता (2 करिंथ 5:19). पिता मेला असं मात्र म्हणायचं नाही; मेला तो पुत्र, त्याच्या माणूसपणात. ही क्षमा कृपा आहे, कमाई नाही. सत्कृत्यं करून ती मिळत नाही; मिळाल्यावर सत्कृत्यं तिच्यातून यावीत. 'फुकट मिळाली, मग कसंही वागा' असं म्हणणाऱ्यांना पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात खडसावलं आहे.

हे सगळं एका तारखेशी बांधलेलं आहे, म्हणून विश्वासांगीकारात पंतय पिलाताचं नाव येतं. येशूला वधस्तंभावर देण्याचा हुकूम त्याचा; तो इ. स. 26 ते 36 यहूदीयाचा रोमन सुभेदार होता. 1961 साली कैसरियात त्याच्या नावाची शिळा सापडली. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी होती, आणि ती पहिल्यांदा स्त्रियांनी पाहिली. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. खोटं रचणाऱ्याने साक्षीदार म्हणून पुरुष उभे केले असते. मग येशू शिष्यांना भेटला, आणि आपण भूत नाही हे कळावं म्हणून त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला (लूक 24:42). पौल स्वच्छ लिहितो, की ख्रिस्त उठलाच नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आहे. आपला विश्वास यावरच उभा राहतो किंवा पडतो.

आणखी एक. 'हे मराठी माणसाचं नव्हे' असं कोणी म्हणालं, तर कमीपणा वाटून घेऊ नकोस. थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्र्याने ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओवीत लिहिलं, ते 1616 साली गोव्यात छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताला माउली म्हणून अभंगांत गायलं. अभंग मराठी, माउली मराठी, आणि ज्याला हाक मारली तो येशू.

आजींना असं सांग: "आजी, तुमच्या म्हणण्यातलं 'देव एक' आम्हीही मानतो. पण आमच्याकडे तिघांना कामं वाटून दिलेली नाहीत, आणि तिघे मिळून एका देहात आलेले नाहीत. एकटा पुत्र माणूस झाला, एकदाच, आणि पाप्यांसाठी मेला." एवढंच, आणि थांब. त्यांनी पुढे विचारलं तर सांग. नाही विचारलं तर त्यांना रांगोळीला मदत कर.

पवित्र आत्म्याबद्दल इथे थोडकंच आलं. तो शक्ती किंवा वारा नाही; तो बोलतो, पाठवतो, दुःखी होतो. प्रेषितांची कृत्ये 2 आणि 13, आणि योहान 14 ते 16 हे अध्याय वाचून ठेव. पुढच्या पत्रात तिथूनच सुरू करू.

तुझे पप्पा