रिपोर्ट चांगले, मग थकवा का?

प्रश्न : माझे वय ४६ असून सहा वर्षांपासून मला आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे. वर्षभरात सांध्यांची सूज उतरली, ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्यांचे आकडे आटोक्यात आले. पण थकवा जात नाही. बरे वाटले त्या दिवशी मी साठलेली सगळी कामे उरकते आणि पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणाला खिळते. "काल तर ठणठणीत होतीस," असे सासूबाई म्हणतात, तेव्हा मी आजाराचे निमित्त तर करत नाही ना, अशी शंका मलाच येते.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण निमित्त करत नाही, हे आधी सांगते. या दोन्ही तपासण्यांतून शरीरातील दाहाचा अंदाज येतो, थकव्याचा नाही. आणि दाह शमल्यावरही थकवा रेंगाळणे या आजारात सर्रास आढळते. रक्तक्षय, थायरॉइड किंवा अपुरी झोप यांचाही त्यात हात असू शकतो, म्हणून ही तक्रार डॉक्टरांपुढे स्वतंत्रपणे मांडावी.

मला अधिक काळजी वाटते ती त्या 'बऱ्या' दिवसाची. त्या दिवशी आपण नुसती कामे उरकत नसता. पूर्वीची मी अजून तशीच आहे, हे घरच्यांना आणि स्वतःला पटवून देत असता, आणि म्हणूनच तिसऱ्या दिवशी अंगदुखीपेक्षा हार अधिक बोचते. यावर उपाय असा, की काम दुखू लागल्यावर नव्हे, घड्याळ पाहून थांबवावे. मांडणी आवरायला घेतली, तर पंधरा मिनिटांनी, हात चालत असतानाही, उरलेले डबे ओट्यावर तसेच ठेवून बसावे. ते डबे पाहत स्वस्थ बसणे सुरुवातीला फार जड जाते, कारण अर्धे काम टाकणे म्हणजे आळस, हे आपल्या मनावर लहानपणापासून बिंबलेले असते. वाईट दिवशीही पाच मिनिटांचे काहीतरी करावेच. दोन आठवडे सतत उदास वाटले, कशातच मन रमेना, तर 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

आणि सासूबाई. या आजारात सकाळी आखडलेली बोटे दहा वाजेपर्यंत मोकळी होतात आणि घर आपल्याला पाहते ते त्यानंतर. एकदा सकाळी सहाला, गॅसचे बटण फिरत नसताना, त्यांना स्वयंपाकघरात बोलवा आणि ओट्यावरच्या डब्यांविषयी तेव्हाच सांगा.