होई आनचे कंदील आणि बारा हप्ते

प्रश्न: आम्ही ठाण्यात, कासारवडवलीत राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,३८,००० रुपये. घरकर्जाचा हप्ता धरून महिन्याचा खर्च १,०५,०००, एसआयपी १५,०००. अडीअडचणीसाठी ३,२०,००० ची एफडी आहे. दिवाळीच्या सुट्टीत नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन व्हिएतनामला जायचं मनात आहे. तिला तिथल्या होई आन गावचे कंदील बघायचेत. हनोई, हा लाँग, दा नांग असं पाच रात्रींचं तिघांचं पॅकेज २,२२,०००. आता ६०,००० भरायचे (ते बाजूला ठेवलेत), बाकीचे 'नो कॉस्ट' बारा हप्त्यांत. सगळे रोख दिले तर २,१०,०००. मी म्हणते, एफडी मोडून रोख भरू. मिस्टर म्हणतात, कर्ज फिटेपर्यंत चैन नको. कर्जाची अजून १४ वर्षं आहेत. (मुलीचा पासपोर्ट ती चार वर्षांची असताना काढला होता, जानेवारीत संपतोय.)

उत्तर: ताई, आधी मिस्टरांचं बघू. कर्ज फिटेल तेव्हा मुलगी तेवीस वर्षांची असेल, आणि तुमच्याबरोबर यायचं की मैत्रिणींबरोबर जायचं हे तीच ठरवेल. म्हणून सहलीला जरूर जा. फक्त दिवाळीत नको, आणि हप्त्यांवर तर मुळीच नको.

रोखीत २,१०,००० ला मिळणारी सहल हप्त्यांवर २,२२,००० ला मिळतेय. मधले १२,००० म्हणजे व्याजच, किमतीत मुरवलेलं. ६०,००० भरल्यावर तुमचं खरं कर्ज दीड लाखाचं, आणि त्यावर १३,५०० चे बारा हप्ते. वरवर बघता हे आठ टक्के वाटतात. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, त्यामुळे खरा दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास बसतो. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी.

या हिशेबात एफडी मोडणं स्वस्त पडतं, हे कबूल. पण दीड लाख काढलेत की तीन महिन्यांचा आधार दीड महिन्यावर येतो. दोघांपैकी एकाची नोकरी अडकली, तर घरकर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

आता दिवाळीचं. आपल्याकडचा पाऊस ओसरतो तेव्हा मध्य व्हिएतनाममधला जोर धरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दा नांग आणि शेजारच्या होई आनचे सर्वांत जास्त पावसाचे महिने. थु बोन नदी फुगली की पाणी जुन्या गावाच्या गल्ल्यांत शिरतं. ज्या कंदिलांसाठी एवढा खटाटोप, ते छत्रीखालून बघायचे? हनोईकडे त्या दिवसांत हवा छान असते, पण मुलीला हनोई नकोय ना.

मे महिन्यात जा. ऊन असतं, पण ठाण्यातला मे काढणाऱ्याला त्याचं काय! ३० एप्रिल आणि १ मे या तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्या. गर्दीही असते आणि हॉटेलंही महागतात. ते दोन-चार दिवस टाळून निघा. सप्टेंबर ते एप्रिल असे आठ महिने मिळतात. तुमच्याकडे महिन्याला १८,००० उरतात असं तुमचेच आकडे सांगतात. ते खरंच उरत असतील, तर आठ महिन्यांत १,४४,००० आणि बाजूचे ६०,००० मिळून २,०४,००० होतात. उरत नसतील तर तेही ऑक्टोबरपर्यंत कळेल, आणि कर्ज डोक्यावर नसताना कळेल. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आरडीत टाका. आठ महिन्यांच्या पैशाला शेअर बाजार दाखवू नका. एसआयपीला हात लावायचा नाही.

कमी पडणारे पाच-सहा हजार पॅकेजमधूनच सुटतील. पाच रात्रींत हनोई, हा लाँग आणि दा नांग हे तिन्ही कोंबण्यात अर्थ नाही. हा लाँग वगळून वाचलेल्या रात्री होई आनला द्या, म्हणजे कंदील एकाच संध्याकाळी उरकावे लागणार नाहीत. व्हिसा स्वतः काढा. एकदा प्रवेशाच्या ई-व्हिसाचं सरकारी शुल्क माणशी २५ डॉलर आहे. त्यावर टूरवाला काय लावतोय ते कोटेशनमध्ये बघा. पॅकेजवर टीसीएस (टूरवाल्याने आगाऊ घेतलेला कर) कापला जाईल. तो ज्याच्या पॅनवर कापला जाईल त्याला रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात. विमान आणि हॉटेल वेगवेगळं बुक केलंत तर पॅकेजचा टीसीएस लागत नाही. तिकिटं जानेवारीतच काढा. मेमध्ये अख्खी मुंबई बाहेर पडते.

तिथे कार्ड वापरताना मशीनने 'रुपये की डाँग' असं विचारलं तर डाँगच (तिथलं चलन) निवडा. रुपये निवडले की भाव दुकानाची बँक ठरवते, आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो. प्रवास विमाही घ्या, ऑफिसचा मेडिक्लेम बहुधा परदेशात चालत नाही.

आणि पासपोर्ट. कंसातली ती ओळ खरं तर सगळ्यात महत्त्वाची होती. प्रवासाच्या वेळी पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असावी लागते, म्हणजे दिवाळीच्या पॅकेजचे पैसे भरूनही मुलगी विमानतळावर अडकली असती. अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या. अर्जासोबतच्या घोषणापत्रावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात, तेव्हा मिस्टरांना हे पत्र आधी वाचायला द्या.