बायको ४२ किलोमीटर पळणार, मी काय करू?

जळगावहून एका भाऊंचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. भाऊ ५१ चे, वहिनी ४७ च्या, शाळेत शिकवतात. मैत्रिणींसोबत मेहरूण तलावावर चालायला जाता जाता पळायला लागल्या आणि आता जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, आयुष्यात पहिल्यांदा. भाऊंनी खुश होऊन रेससाठी महागडे शूज सरप्राइज आणले तर त्या चिडल्या. मळ्यातल्या भरीत पार्टीला आल्या नाहीत म्हणून नातेवाईक फुगलेत. आई म्हणते, "काय व माय, या वयमा पयाले निंघनी!" आणि परवा वहिनी म्हणाल्या, तुमचा सपोर्ट फक्त स्टेटसवर दिसतो. अजून काय करायचं, असं भाऊ विचारतात.

भाऊ, शूजचं मनाला लावून घेऊ नका, पण वहिनी बरोबर आहेत. रेसला नवीन काहीच घालायचं नसतं, मोजे पण नाही, नाहीतर अर्ध्यातच फोड येतात आणि पुढे लंगडत जावं लागतं. ते शूज ठेवा, नंतर वापरतील. सरप्राइजची हौस साडीवर भागवा.

आता मुद्द्याचं. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की रविवारी ती २८ किलोमीटर पळून आली आणि आल्याआल्या सगळ्यांसाठी पोहे टाकले, काय एनर्जी आहे बघा! अहो एनर्जी कसली, घरात दुसऱ्या कोणी टाकले नसते म्हणून टाकले. एवढं पळून आलेल्या माणसाचे पाय थरथरत असतात, आधी काहीतरी पोटात जायला लागतं, आणि तुम्ही तेव्हा गेटवर व्हिडिओ काढत होता. पुढच्या रविवारी त्या आल्या की ताटात गरम खिचडी, दही आणि दोन केळी तयार पाहिजेत. तुम्हाला कुकर लावता येत नसेल तर या वयात शिका, त्या नाही का पळायला शिकल्या!

आणि झोप. चारला उठायचं असेल तर नऊला पडायला पाहिजे, दमलेले स्नायू झोपेतच भरून येतात, पण ओटा, भांडी, दुधाला विरजण, सकाळच्या डब्याची भाजी निवडणं हे सगळं आवरेपर्यंत अकरा वाजत असतील तर ट्रेनिंगचा काय उपयोग. रात्री नऊनंतरचं किचन तुमचं, रेस होईपर्यंत तरी, आणि "मदत करतो" असं म्हणून नका करू, नुसतं करा. पहाटे अंधारात कुत्री मागे लागतात, तेव्हा लाँग रनला स्कूटी घेऊन मागे राहा, डिक्कीत पाणी आणि ओआरएस. पण "चल, स्पीड वाढव" वगैरे कोचगिरी अजिबात नको.

आईंना उत्तर तुम्ही द्यायचं, सुनेला पुढे करू नका. सांगा की बायकांना झेपत नाही म्हणत जगाने ऑलिम्पिकमध्ये त्यांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत ठेवलीच नव्हती, आपल्या घरी तेवढा उशीर नको. भरीत पार्ट्या अख्खा हिवाळा आहेत, रेसनंतरची एक त्यांच्या नावाने ठेवा. फक्त आदल्या रात्री मिरचीचं भरीत न् शेवभाजी काही नको, साधा वरण-भात.

शेवटी एका ओळीत लिहिलंय, "काही झालं तर?" मला वाटतं तुमची खरी भीती ही आहे आणि ती तुम्ही शूजच्या बॉक्समध्ये लपवली. मग डॉक्टरकडे सोबत जा. बीपी, शुगर, ईसीजी, डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट, आणि हिमोग्लोबिन नक्की, या वयात पाळीच्या गडबडीत आयर्न कमी झालेलं बायकांना कळतच नाही, दम लागला की वय झालं म्हणतात. छातीत दाब, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, चक्कर, यातलं काही झालं तर तिथेच थांबायचं, हे दोघांनी आधीच ठरवा.

मुंबईत हवा वेगळी. आपल्याकडे जानेवारीची पहाट गार आणि कोरडी, तिथे दमट, घाम वाळतच नाही, तेव्हा जळगावच्या स्पीडने तिथे पळायला जाऊ नका म्हणावं. भीतीपोटी नुसतं पाणी ढोसणंही वाईट, रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकं गरगरायला लागतं. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अंगातली साठवलेली साखर संपत येते, पाय दगडासारखे होतात, आणि पेडर रोडचा चढ परतीला नेमका त्याच्यापुढे येतो. तुम्ही त्या बाजूला उभे राहा, फिनिशला तर सगळेच असतात. नुसतं नावाने हाक मारा. "किती राहिलं" ते सांगू नका, त्यांना माहीत असतं.

फिनिशनंतर कुठे भेटायचं ते आदल्या दिवशी जागा बघून ठरवा, गर्दीत फोनच्या भरवशावर राहू नका. पिशवीत कोरडे कपडे आणि सैल चपला ठेवा. आणि परतीचं तिकीट लगेच बघा, ४५ वर्षांवरच्या बायकांना रेल्वे शिल्लक असेल तर लोअर बर्थ देते. अप्पर मिळाला असेल तर तो तुम्ही घ्या.