सहावं वचन मी गाळलं होतं

वसईच्या पट्ट्यात गेली एकोणीस वर्षं मी कौटुंबिक समुपदेशन करते. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की एक काळजी माझ्यापर्यंत हमखास येते. पालकसभा संपवून मी दाराशी चपला घालत असते, तेवढ्यात कुणीतरी आई बाजूला घेते. "मॅडम, मुलगा रोझरीला (घरातल्या जपमाळेच्या प्रार्थनेला) बसत नाही." किंवा, "मुलगी म्हणते, मिस्सा (चर्चमधली उपासना) बोअर होते." आणि मग खालच्या आवाजात, "रोजच्या जगण्यातून मुलांना श्रद्धा कशी शिकवायची हो? आमचंच काही चुकतंय का?" नवरा-बायकोची भांडणं, दारू, परीक्षेची भीती यांसाठी लोक रीतसर वेळ घेऊन येतात. ही काळजी मात्र नेहमी चपलांपाशीच निघते. लाज वाटत असणार.

या प्रश्नाचं उत्तर मला एका घरानं शिकवलं. आधी मी त्यांना चुकीचं शिकवलं होतं, हेही सांगून टाकते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि आणखी दोन-तीन घरांतलं थोडंथोडं त्यात मिसळलंय, तेव्हा 'हे अमक्यांचंच' म्हणून शोधायला जाऊ नका.

आई शाळेत शिक्षिका, बेचाळीसची. वडील पहाटेची लोकल पकडून चर्चगेटला जाणारे, परत यायला नऊ. मुलगा दहावीत, मुलगी नऊ वर्षांची, तिची पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी चाललेली. आणि सासूबाई. घरात कादोडी बोली, मुलांची शाळा इंग्रजी, प्रार्थना मराठीत, असं आमच्याकडे सर्रास असतं तसंच. पूर्वी चर्चची सातची घंटा झाली की रोझरी सुरू व्हायची. आता सगळे वडिलांची वाट बघायचे आणि साडेनऊला, पोटात कावळे ओरडत असताना, वेदीपुढे बसायचे. वडील दुसऱ्या रहस्यापर्यंत, म्हणजे रोझरीच्या पाचातल्या दुसऱ्या भागापर्यंत, पेंगायला लागायचे. मुलगा भिंतीला टेकून मोबाइल बघायचा. एक दिवस तो उठून ओट्यावर जाऊन बसला, तो पुन्हा आत आलाच नाही. पाठोपाठ कळलं की दोन महिने तो रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला न जाता मैदानावर फुटबॉल खेळत होता.

आई एकटीच आली होती. "माझा मुलगा देवापासून तुटला," म्हणाली. मूल गेल्यासारखं रडली.

मी तेव्हा काय केलं? बायबलमधलं एक वचन दिलं. 'अनुवाद' हे पुस्तक, सहावा अध्याय, सातवं वचन. देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोलत जा. म्हटलं, बघा, यात वर्गही नाही आणि बाकही नाहीत. सगळं घरातलं आणि रस्त्यावरचं आहे. रोजच्या साध्या गोष्टींत शोधा. मला माझंच बोलणं फार आवडलं होतं. तिनं ते वहीत लिहून घेतलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी ती आली ती आणखी खचून. शिक्षिकाच ती, तिनं माझ्या सल्ल्याचा अभ्यासक्रम केला होता. दूध उतू गेलं, संयमावर धडा. वीज गेली, ख्रिस्त जगाचा प्रकाश. वाडीतल्या केळीचा घड वाऱ्यानं पडला, त्यावरही काहीतरी. मुलगी आधी ऐकायची, मग तीही पळायला लागली. आणि एका रात्री जेवताना मुलगा बहिणीला म्हणाला, "लवकर खा. नाहीतर या भाताचीही बोधकथा होईल."

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिचं लगेच रडण्यात गेलं.

माझी एक सवय आहे. एका माणसाबद्दलची तक्रार आली की मी त्या माणसापेक्षा घरातल्या माणसांमधली ये-जा बघते. कोण कुणाला काय देतं, कोण कुणाचं काय घेतं. इथे देणं एकाच बाजूनं चाललं होतं. आई धडे द्यायची आणि बाकीच्यांनी घ्यायचे. मी म्हटलं, सगळे या. वडिलांनाही आणा. एक रजा पडली तर पडू दे.

सगळे आले. सासूबाई दारातच म्हणाल्या, "आजारी तो नाही, जमाना आहे." मुलगा खिडकीजवळची खुर्ची धरून बसला. अर्धा तास नुसत्या तक्रारी ऐकल्यावर मी त्याला विचारलं, "घरात देवाचं काहीतरी असतं, असं तुला कधी वाटलंय? नसेल तर सरळ नाही म्हण."

तो पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजोबांची नखं."

"म्हणजे?"

"आजोबा आजारी होते ना, तेव्हा डॅडी रविवारी त्यांच्या पायाची नखं कापायचे. जाड झाली होती खूप. आधी कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवायचे. आजोबा ओरडायचे, शिव्यापण द्यायचे. डॅडी काही बोलायचे नाहीत. एक पाय झाला की दुसरा घ्यायचे."

वडिलांनी मान खाली घातली. "अरे, कुणीतरी कापायला हवीच होती ना ती."

"पवित्र गुरुवारी फादर करतात तसं," धाकटी म्हणाली. मग जरा विचार करून, "पण फादर तर नुसतं पाणी ओततात."

कुणी हसलं नाही. आई नवऱ्याकडे बघत होती. "मला वाटायचं, हे रोझरीत झोपतात म्हणून पोरगा बिघडला," ती हळूच म्हणाली.

मी काही बोलले नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय, येशू शिष्यांचे पाय धुतो तो, माझ्या जिभेच्या टोकावर होता आणि मी तो गिळला. अशा वेळी तोंड बंद ठेवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. त्या दिवशी मला ते जमलं, याचं मला अजून बरं वाटतं.

घरी येऊन मी बायबल काढलं आणि मी दिलेलं वचन पुन्हा वाचलं. सातवं वचन मी पाठ म्हणू शकते, पण त्याच्या अगोदर सहावं आहे. ते म्हणतं, या गोष्टी आधी तुझ्या हृदयात असू देत. मुलांच्या मनावर बिंबवायचं ते त्यानंतर. इतकी वर्षं पालकसभांतून मी सातवं वचन वाटत होते आणि सहावं गाळत होते. पुढे वाचत गेले तर त्याच अध्यायात विसावं वचन. पुढे तुझा मुलगा तुला विचारील, या आज्ञांचा अर्थ काय? म्हणजे विचारतो मुलगा. आणि त्यावर बापानं द्यायचं उत्तर आज्ञांच्या अर्थापासून सुरूच होत नाही. ते सुरू होतं, "आम्ही मिसर देशात फारोचे गुलाम होतो" इथून. आधी स्वतःची गुलामी सांगायची, मग सुटका कशी झाली ते.

पुढच्या भेटीत मी आईला एवढंच विचारलं, "तुमचं मिसर कुठलं?"

तिला कळलं. बराच वेळ ती पर्सच्या चेनशी खेळत बसली. मुलगाही होता. त्यानंच कोंडी फोडली. "मम्मी, तुला कधी देवाचा राग आलाय?"

"आलाय."

दोन मुलांमध्ये सहा वर्षांचं अंतर का, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मधलं एक बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. "त्यानंतर आठ महिने मी मिस्साला जायचे, पण ओठ हलवायचे नाही. सगळ्यांना वाटायचं, घसा बसलाय." मग एक दिवस तिनं सासूबाईंना सांगून टाकलं की आई, मी प्रार्थना करत नाही. त्यांनी पेजेची वाटी पुढे सरकवली. "मी करते दोघींची. तू पेज खा." दुसऱ्या दिवशी पुन्हा पेज. विषय पुन्हा काढला नाही. कधीतरी, कुठल्या दिवशी तेही आठवत नाही, ओठ आपोआप हलायला लागले.

मुलगा म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुझी श्रद्धा डळमळेल असं वाटलं."

"मला वाटायचं तुला सगळं पटतं. म्हणून तुझ्याशी बोलायचोच नाही."

या घरानंतर माझं सांगणं बदललं. चपलांपाशी विचारणाऱ्या आयांना (बापही विचारू लागलेत, कमी, पण विचारतात) मी आता पहिल्यांदा एक वेगळीच चौकशी करायला सांगते. मूल धर्मवर्ग टाळतंय, तर तिथे काही घडलं आहे का? कुणी चिडवतं, कुणी मारतं, कुणाची भीती वाटते? आणि ते फक्त रोझरीतूनच उठतंय, की मित्र, खेळ, जेवण, झोप सगळ्यांतूनच उठत चाललंय? तसं असेल तर तो श्रद्धेचा प्रश्न नाही. त्यासाठी धडे देत बसू नका, लवकर मदत घ्या.

तसं काही नसेल, तर प्रसंगाला शेपूट लावू नका. दूध उतू गेलं तर ओटा पुसा. येशूनं पीठ, खमीर, दिवा, केरसुणी सगळं घरातलंच घेतलं, खरं आहे. पण त्याच्या गोष्टी बघा. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा परत आल्यावर थोरला भाऊ दाराबाहेर रुसून उभा आहे, बाप त्याची समजूत घालतोय आणि गोष्ट तिथेच थांबते. तो आत गेला की नाही, हे शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगत नाही. ऐकणाऱ्यानं काय ते ठरवावं, एवढा भरवसा येशूला होता. आपल्याला आपल्या मुलांवर तेवढाही नसतो.

खोटं पकडलं गेलं तर काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. इथे मला येशूचा शिष्य पेत्र याची आठवण होते. तो गुरूला तीनदा नाकारतो, तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव शेकत उभा असतो. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवरापाशी येशू पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवतो, त्यावर मासळी ठेवतो, भाकर काढतो आणि म्हणतो, "या, न्याहारी करा." नाकारल्याबद्दल तो पेत्राला सोडत नाही. तीन नकारांसमोर तीनदा विचारतो, "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" पण खाणं झाल्यावर. आमच्या पट्ट्यात मासळी आणि भाकरीचं महत्त्व मी काय सांगावं! त्या आईनं फुटबॉलचा विषय शेवटी काढला तो असाच, तव्यावरची मांदेली संपल्यावर. मुलानं कबूल केलं. दोन महिन्यांचे नाही, चार महिन्यांचे रविवार निघाले.

आणि माफी मागा. पोप फ्रान्सिस कुटुंबांना तीन शब्द पुन्हा पुन्हा सांगायचे: परवानगी, आभार आणि क्षमा. आपल्याकडे मुलांनी मोठ्यांची क्षमा मागायची असते, उलटं कुणी पाहिलेलं नाही. "भाताच्या वेळी मी तुझ्यावर उगाच ओरडले, चुकलं माझं," हे त्या आईला म्हणायला दीड महिना लागला. तिच्या दृष्टीनं ते रोझरीपेक्षा कठीण होतं. 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी' हे रोज म्हणणाऱ्या घरात, अपराधी कधी आपणही असतो हे मुलाला दुसरीकडे कुठे कळणार?

व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) १९६४ च्या दस्तऐवजात कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटलं आहे. आमच्या लोकांनी त्याचा अर्थ घेतला की घरात छोटं चर्च उभारायचं, आईनं प्रवचन द्यायचं आणि मुलांनी हात जोडून ऐकायचं. मला वाटतं, नाझरेथच्या घराकडे बघावं. येशू सार्वजनिक कामाला लागला तेव्हा सुमारे तीस वर्षांचा होता, असं लूक लिहितो. त्याआधीच्या वर्षांबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ काहीच बोलत नाहीत. एक प्रसंग आहे तो बारा वर्षांचा मुलगा तीन दिवस न सापडल्याचा, आणि त्यातही मरिया त्याला आईसारखीच विचारते, "बाळा, आमच्याशी असा का वागलास?" दहावीतल्या मुलांच्या आयांनी तो उतारा जरूर वाचावा. पवित्र कुटुंबातही हे चुकलं नाही, एवढं कळलं तरी खांदे सैल होतात.

रोझरीचा तंटा मात्र सोपा नव्हता. मी सुचवलं की आठवड्याच्या दिवशी एकच रहस्य, दहा नमो मरिया, तेही जेवणानंतर. सासूबाई खवळल्या. "१७३९ साली पोर्तुगीज गेले, फादर गेले, तरी या घरातली रोझरी गेली नाही. आता तू घालवणार?" मी म्हटलं, "आजी, पेज कुणी दिली होती? तीही तुमचीच रोझरी." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग अट घातली की ऑक्टोबरमध्ये, रोझरीच्या महिन्यात, पाचही रहस्यं होणार, रोज. मान्य झालं. वडील आता पेंगायच्या आधीच प्रार्थना संपते.

मुलगा कधी बसतो, कधी ओट्यावरून ऐकतो. गेल्या महिन्यात आईचा फोन आला. आवाज बरा होता, पण तक्रार होतीच. "मॅडम, मिस्साला येतो आता, पण बसतो शेवटच्या बाकावर. दाराशी."

"मी त्या वयात दाराबाहेर उभी राहायचे," मी म्हटलं. "त्याला बाक तरी मिळालाय."