दुकानदाराला जुना हीटर परत देऊ नका

प्रश्न : मी नाशिकला राहतो. घरी २०० लिटरची फिशटँक आहे, तीत सहा डिस्कस मासे होते. डिसेंबरात मुंबईच्या एका दुकानातून ३०० वॉटचा चिनी हीटर घेतला. पैसे यूपीआयने दिले, हातात एक चिठ्ठी मिळाली, तिच्यावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का. जानेवारीत लग्नाला गेलो होतो. दुसऱ्या रात्री परतलो तर हीटरचा दिवा जळतोय, पाणी ३८ अंश आणि सगळे मासे मेलेले. दुकानदार म्हणतो, 'जुना आणून द्या, नवा देतो. माशांचं आम्ही काय करणार?' मी अधूनमधून पिल्लं विकतो, मग ग्राहक म्हणून तक्रार चालेल का?

उत्तर : तुमची अख्खी केस त्या बिघडलेल्या हीटरमध्ये आहे. तो दुकानात गेला की 'कुठला हीटर?' हा प्रश्न उरतो आणि उत्तर द्यायला तुमच्याकडे काही नसतं. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून उघडूनही बघू नका. थर्मोस्टॅटचे (ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणाऱ्या भागाचे) पॉइंट चिकटले की हीटर बंदच होत नाही. तुमच्याकडेही तसंच झालं असावं, पण ते सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ३८ प्रमाणे ग्राहक आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. अहवाल ४५ दिवसांत यावा असं कायदा म्हणतो. तपासणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागते. काचेच्या नळीचं सील तुम्ही फोडलेलं असलं, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला कलम ८७ काढेल : वस्तूत फेरफार झाला, सबब विक्रेता जबाबदार नाही.

तेव्हा तापमानाची चकती आहे त्या आकड्यावरच राहू द्या, न फिरवता तिचा फोटो काढा. हीटर वाळवून खोक्यात घाला, टेप लावा, वर तारीख टाका आणि घरातल्या दोघांच्या सह्या घ्या.

खोका फेकला नाहीत ना? लिटरला साधारण एक वॉट हा शौकिनांचा हिशेब, त्यामुळे '२०० लिटरला ३०० वॉट कशाला लावला?' असं विचारलं जाणार. थर्मोस्टॅट धड असेल तर मोठा हीटर फक्त लवकर बंद होतो, हे उत्तर बरोबरच आहे. पण खोक्यावर '२०० ते ३०० लिटर' असं छापलेलं सापडलं, तर ती एक ओळ माझ्या दहा पानी युक्तिवादाला भारी पडेल. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता असावाच लागतो. तो असेल तर आयातदारालाही तक्रारीत सामनेवाला (प्रतिपक्ष) करा. नसेल तर दुकानदाराचीच पंचाईत आहे, कारण उत्पादक कोण ते कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर कलम ८६ विक्रेत्याला धरतं. 'चीनला जा' असं तो म्हणू शकत नाही.

त्या शिक्क्याला घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि पक्कं बिल न देणं, दोन्ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहेत. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि चिठ्ठी मिळून खरेदी सिद्ध होते.

आता मासे. सदोष वस्तूमुळे दुसऱ्या मालमत्तेचं झालेलं नुकसान 'उत्पादन दायित्वा'त येतं, आणि कायद्याच्या नजरेत तुमचे डिस्कस ही मालमत्ताच. ऐकायला कोरडं वाटतं, पण इथे ते तुमच्याच फायद्याचं आहे. त्यासोबत झालेल्या मनस्तापाचीही भरपाई मागता येते. माशांची किंमत मात्र पावत्यांनी दाखवता येईल तेवढीच लावा. 'पुढे पिल्लांचे इतके हजार आले असते' हे तर अजिबात लिहू नका. व्यावसायिक नुकसान कायद्यातल्या हानीच्या व्याख्येतून वगळलेलं आहे, आणि त्या एका वाक्यानं तुम्ही आपणहून व्यापारी ठराल.

पिल्लं विकल्याचं लपवू मात्र नका. लीलावती रुग्णालय चालवणाऱ्या न्यासानं परिचारिकांच्या वसतिगृहासाठी सदनिका घेतल्या होत्या. त्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाहिलं ते खरेदीमागचा मुख्य हेतू काय, आणि न्यासाला ग्राहक मानलं. तुमच्या हीटरचा मुख्य हेतू दिवाणखान्यातली टाकी ऊबदार ठेवणं हाच होता. दर महिन्याला पिल्लांच्या पिशव्या कुरिअरनं जात असतील तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर तक्रार लिहिण्याआधी मला कळवा.

दुकान मुंबईत असलं तरी तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात करता येते, तुम्ही राहता तिथे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्यानं फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकीलही सक्तीचा नाही (हे आमच्या धंद्याच्या विरुद्ध आहे, तरी सांगतो). तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निघावी असं कलम सांगतं. कॅलेंडर मात्र त्याहून जाडच घ्या.

म्हणून आधी स्पीड पोस्टानं दुकानदाराला आणि आयातदाराला नोटीस द्या, १५ दिवसांची मुदत घाला आणि तोवर फोनवरची घासाघीस बंद ठेवा. नोटिशीनंतर दुकानदार बहुधा नवा हीटर आणि थोडे पैसे पुढे करेल. रक्कम पटली तर घ्या, दोन वर्षं खेटे घालण्यापेक्षा ते बरं. फक्त तो नवा हीटर हातात देताना ज्या कागदावर सही मागेल, तो वाचा. 'पूर्ण व अंतिम' असे शब्द असतील आणि माशांची रक्कम त्यात नसेल, तर सहीवर 'माशांच्या नुकसानभरपाईचा हक्क राखून' असं लिहा. तसं लिहू देत नसेल तर हीटर तिथेच ठेवून या.