आतून लाईट देताना सोनोग्राफी कशाला?

तुम्ही विचारलंय की आईला गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी बाहेरनं रेडिएशनचे 25 शेक झाले, आता आतून लाईट द्यायची म्हणतात, तर आधी झालेली सोनोग्राफी परत कशाला, आणि पिशवीला छिद्र पडतं हे खरं का. मी मिरजेत रेडिएशन विभागात सिस्टर आहे, रोज हेच काम बघते म्हणून सांगते.

ही सोनोग्राफी आजार तपासायला नसते, नळी बसवताना वाट दिसावी म्हणून असते. ब्रॅकीथेरपीत, म्हणजे आतून लाईट देताना, एक बारीक, थोडी वाकडी नळी खालनं गर्भपिशवीत सरकवतात. पण बाहेरच्या शेकानं गाठ आकसते, तोंड आवळतं, कधी सापडतच नाही, त्यात कुणाची पिशवी पुढं झुकलेली कुणाची मागं, मग नुसत्या हाताच्या अंदाजानं गेलं तर नळी भिंतीतनं पार जाऊ शकते. तुम्ही ऐकलेलं छिद्र ते हेच.

म्हणून कमरेखाली बधीर केल्यावर आम्ही कॅथेटरमधनं ब्लॅडरमध्ये 200-300 मिली सलाईन भरतो. भरलेलं ब्लॅडर स्क्रीनवर काळंकुट्ट दिसतं, त्याच्या मागं करडी पिशवी. मी पोटावर प्रोब धरते, डॉक्टर नळी सरकवतात, ती पांढऱ्या रेघेसारखी पुढं येताना दिसते आणि टोक पिशवीच्या वरच्या भिंतीजवळ आलं की डॉक्टर थांबतात. तेवढा वेळ खोलीत कुणी बोलत नाही.

मग सीटी करून ब्लॅडरला नि संडासच्या जागेला किती डोस जातोय ते बघतात, आणि मशीनमधनं इरिडियम या किरणं सोडणाऱ्या धातूचा बारीक दाणा तारेवरनं आत जाऊन ठरलेल्या जागी काही सेकंद थांबत परत येतो. शेजारच्या बाईला कमी वेळ लागला आणि आईला जास्त लागला तर घाबरू नका, इरिडियमची ताकद 74 दिवसांत निम्मी होते म्हणून जुन्या दाण्याला वेळ जास्त लागतो, डोस ठरलाय तेवढाच मिळतो. दाणा परत मशीनमध्ये गेला की अंगात काही उरत नाही, नातवंडं मांडीवर घेतली तरी चालतं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. तासगावकडच्या एक मावशी 25 शेक झाल्यावर रक्त जायचं थांबलं म्हणून "द्राक्षाची छाटणी उरकून येते" म्हणून गेल्या त्या दीड महिन्यानं आल्या, तोवर गाठ परत वाढलेली. बाहेरचे आणि आतले मिळून सगळं 8 आठवड्यांत संपायला पाहिजे. आईच्या फाईलवर पहिल्या शेकाची तारीख असेल, ती बघून किती दिवस उरलेत ते आजच मोजा.