एक खूर उभा, एक पसरट: घोड्याच्या पायाचे प्रश्न

प्रश्न: आमची सात वर्षांची घोडी पन्हाळ्यावर पर्यटकांना फिरवते. पुढचा उजवा खूर डबीसारखा उभा, डावा पसरट. उतारावर ठेचकाळते. नालबंद म्हणतात, उजवी टाच एकदाच खाली उतरवून दोन्ही खूर सारखे करून टाकू. करावे का? – एक वाचक, पन्हाळा

उत्तर: एकदाच उतरवू नका. दोन खूर सारखे दिसणे हे उद्दिष्टच नाही. पायाच्या मागून उतरणारी खोल कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) खुरातल्या हाडाला खालून धरते. उभ्या खुराच्या घोड्यात ही कंडरा आणि तिचा स्नायू मिळून आखडलेले असतात. टाच उंच झाली ती या ओढीमुळे. कंडरा सैल नसताना टाच कापली तर हाडाचे टोक आणखी खाली खेचले जाते, खुराच्या पुढच्या भिंतीची (बाहेरच्या कठीण कवचाची) तळव्याशी सांधणारी पांढरी रेघ फाटते, टोकाखाली रक्त साकळते आणि घोडी टाच अधांतरी ठेवून टोकावर चालू लागते. कापल्या दिवशी खूर सुरेख दिसतो. लंगडणे मागाहून सुरू होते.

आधी मोजमाप घ्या. घोडी सपाट फरशीवर चारही पायांवर सरळ उभी करा, मोबाइल जमिनीला टेकवून दोन्ही खुरांचे बाजूने फोटो काढा. पुढच्या खुराचा कोन साधारण ५० ते ५५ अंश असतो. फरक ३ ते ५ अंशांचा असेल तर दोष सौम्य आहे, चांगल्या नालबंदीवर घोडी आयुष्यभर काम करते. टाचेकडच्या वाढीच्या रेघा टोकाकडच्यांपेक्षा दुप्पट रुंद आणि पुढची भिंत आत वाकलेली असेल, तर कानस लावण्याआधी बाजूने एक्स-रे काढून घ्यावा. हाडाची कड झिजलेली आहे का आणि टोकाखाली तळवा किती जाड उरलाय, हे बाहेरून कळत नाही.

ओढ किती आहे याची घरगुती परीक्षा अशी. खुराच्या टोकाखाली १० मिमी जाडीची फळी ठेवा आणि दुसरा पाय उचला. घोडी स्वस्थ उभी राहिली तर टाच उतरवायला वाव आहे. लगेच पाय मागे ओढला किंवा गुडघा वाकवला, तर वाव नाही.

वाव असेल तर दर ४ ते ५ आठवड्यांनी टाच ३ ते ५ मिमी उतरवा, त्याहून जास्त नको. कानस तळातल्या त्रिकोणी गादीच्या मध्यापासून मागे चालवायची. पुढच्या निम्म्या भागात तळव्याला सुरी लावायची नाही. तिथे जाडी आधीच कमी असते. अंगठ्याने दाबून तळवा लवत असेल तर सुरी पेटीतच राहू द्या. पुढची भिंत आत वाकली असेल तर बाहेर आलेली कड समोरून कानसून मागे घ्या.

टाच उतरवल्यावर पाय जमिनीवर टेकवून पूर्ण वजन पडू द्या आणि टाचेखाली फट राहते का पाहा. राहिली तर तेवढी पाचर नालेखाली द्यावी लागते. बारा सेंटिमीटर लांबीच्या खुरात २ अंशांची पाचर टाचेशी सुमारे ४ मिमी जाड होते, ३ अंशांची ६ मिमीच्या आसपास. टाच कापून पुन्हा पाचर देणे उलटे वाटेल, पण कापल्याने तळातली गादी जमिनीच्या जवळ येते आणि आवळलेली टाच उघडायला जागा मिळते. पाचर फक्त कंडरेची ओढ सांभाळते. पुढच्या वेळी फट कमी दिसली तर पाचरही कमी करा.

नाल हलकी घ्या. पुढची कड गोल घासलेली हवी आणि ती खुराच्या कडेपासून ६ ते ८ मिमी आत बसवावी, म्हणजे टोक जमिनीवरून लवकर सुटते आणि ठेचकाळणे कमी होते. सगळे खिळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या पुढे मारा. मागे मारलेला खिळा टाच जखडून टाकतो, आणि उभ्या खुराची टाच तशीही आवळलेली असते. टोकाच्या अगदी मध्यात, जिथे पांढरी रेघ ताणलेली आहे, तिथेही खिळा नको. सहा खिळे पुरतात.

डाव्या पायाकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. उभ्या पायाचे काम तोच उचलतो, म्हणून त्याचे टोक लांबते आणि टाच पुढे सरकून चेपते. तिथे उपचार उलटे: टोक मागे घ्या, टाचेला जवळजवळ हात लावू नका, नाल टाचेमागे ५ मिमी लांब ठेवा. दोन पायांना दोन वेगळ्या नाली लागल्या म्हणून बिचकू नका. प्रत्येक खुराची पुढची रेघ त्याच पायाच्या घोट्याखालच्या हाडाच्या रेघेत आली पाहिजे, शेजारच्या पायाशी नव्हे.

पन्हाळ्याचा जांभा कठीण आणि खरबरीत. चढावर कंडरेवर ताण वाढतो, उतारावर टोक आपटते. नवीन नाल मारल्यावर आठवडाभर सपाटीवरचेच काम द्या.

प्रश्न: पाच महिन्यांच्या शिंगराचा एक खूर महिन्याभरात उभा झाला. खुराक चांगला आहे: भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, उसाचे वाढे. – एक वाचक, कागल

उत्तर: या वयात एकेक आठवडा मोलाचा आहे. हाडे झपाट्याने वाढतात आणि कंडरा मागे पडते, किंवा पाय कुठेतरी दुखत असल्याने शिंगरू त्यावर पूर्ण भार देत नाही आणि स्नायू आखडतो. म्हणून आधी पशुवैद्यांकडून दुखरी जागा शोधून घ्या.

खुराक ‘चांगला’ आहे हीच अडचण असू शकते. हरभरा निम्म्यावर आणा. कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर आणि चुना (कॅल्शियम) कमी. वाढ्यांतले ऑक्झलेट आहे तो चुनाही अडकवून ठेवते. उसाच्या पट्ट्यात वाढे फुकटात मिळतात, म्हणून आपण सगळ्याच जनावरांना घालतो. गाईम्हशींच्या पोटातले जंतू ऑक्झलेट बरेचसे मोडतात, घोड्याला ते तेवढे जमत नाही. वाढे बंद करून वाळलेले गवत आणि थोडा लसूणघास द्या. एकूण आहारात चुना स्फुरदाच्या दीड ते दोन पट असावा.

शिंगराला रोज सपाट, मऊ जमिनीवर चालवा. कडक जमिनीवर आईमागे उधळू देऊ नका. टाच दर दोन आठवड्यांनी २ मिमीच्या आसपास कानसावी. दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा खुराची पुढची भिंत लंबरेषेकडे झुकू लागली, तर खोल कंडरेला जोडलेला आधाराचा अस्थिबंध (तिला वरच्या हाडाशी बांधणारी पट्टी) कापण्याची शस्त्रक्रिया करतात. वर्षाच्या आत केली तर निकाल चांगला लागतो आणि घोडा पुढे कामाला येतो. भिंत लंबरेषेच्या पुढे झुकल्यावर आशा फार कमी. पशुवैद्यांशी बोलून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायचे का ते ठरवा.

नवजात शिंगराला पहिल्या काही दिवसांत ऑक्सिटेट्रासायक्लीन शिरेतून देतात, त्याने कंडरा सैल पडते. पाच महिन्यांच्या शिंगरात त्याचा भरवसा नाही. हे औषध मूत्रपिंडाला बाधू शकते, तेव्हा दुकानातून आणून स्वतः टोचू नका.

प्रश्न: नाल न मारता घोडा चालेल का? – एक वाचक, शिरोळ

उत्तर: दोष सौम्य, काम हलके आणि काळ्या मातीची वाट असेल तर चालेल. अट एकच: ४ आठवड्यांनी कानस चुकवायची नाही. डांबरी रस्त्यावर बग्गी ओढायची असेल तर नाल हवीच, कारण उभ्या खुराचे टोक आधी झिजते.

प्रश्न: पावसाळ्यात उभ्या खुराच्या टोकाशी पोकळी होते, काळा वास मारणारा भुसा निघतो. नालबंद मेण भरून देतात. – एक वाचक, गगनबावडा

उत्तर: ओल्या पोकळीत काहीही भरू नका; आत हवा नसली की जंतूंचे फावते. सैल झालेली भिंत निरोगी, घट्ट शिंग लागेपर्यंत पशुवैद्य किंवा जाणत्या नालबंदाकडून कापून उघडी करा. रोज ब्रशने घासून पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस हलकेच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बदला. खूर गरम लागला किंवा घोडा अचानक पाय टेकेनासा झाला तर आत पू आहे असे समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. धनुर्वाताची लस झाली आहे ना ते तपासा, घोड्याला तो फार पटकन होतो.

गोठ्यात गुऱ्हाळाचे चिपाड अंथरत असाल तर ते पूर्ण वाळलेले हवे. ओले चिपाड आंबते. रोज सकाळी लिदीबरोबर ओला थर काढून टाका आणि खूर कोरडे झाल्यावरच औषध लावा.